छातीवरचा कॅमेरा आणि कात्राबाईची वाट

रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट सह्याद्रीत भटकणाऱ्यांना नवी नाही. पण निघायच्या आधी घरी बसून तिचे व्हिडिओ बघायला घेतले, तर हाती काय लागतं? उंचावरून घेतलेली शिखरं, मोठ्या आवाजातलं संगीत, कड्याच्या टोकाशी हात पसरून उभं असलेलं कुणीतरी. शिडी किती उभी आहे, खिंडीची वाट रानात नेमकी कुठे फुटते, उतारावर मुरूम आहे की कातळ, हे शोधून सापडत नाही. आणि ज्याला खरोखर जायचंय त्याला नेमकं हेच हवं असतं. माझं म्हणणं असं की व्हिडिओने वाट दाखवावी. नजारा दाखवणारे पुष्कळ आहेत.

वाट टिपायची तर कॅमेरा हातात धरून भागत नाही, कारण अवघड जागी दोन्ही हात कातळाला लागतात. अंगावर बांधायच्या कॅमेऱ्याची कल्पना अशाच अडचणीतून निघाली. कॅलिफोर्नियातल्या निक वुडमनने २००२ मध्ये गोप्रो कंपनी काढली ती लाटांवर सर्फिंग करताना जवळून फोटो काढता यावेत म्हणून. २००४ मध्ये आलेला त्यांचा पहिला कॅमेरा फिल्मच्या रोलचा होता आणि तो पट्ट्याने मनगटाला बांधायचा. पुढे हे कॅमेरे डिजिटल झाले, आणि २०१८ पासून कॅमेऱ्याच्या आतच हादरे जिरवायचं तंत्र चांगलं सुधारलं. तेव्हापासून चालत्या माणसाच्या छातीवरून केलेलं चित्रण डोळ्यांना त्रास न होता बघता येतं. एका मैत्रिणीने तिचा ॲक्शन कॅमेरा, छातीला बांधायचा पट्टा आणि जादा बॅटऱ्या नोव्हेंबरअखेर मला वापरून बघायला दिल्या. सोबत दोन मित्र, त्यातला एक बांधकामावरचा इंजिनिअर. त्याचा पुढे फार उपयोग झाला.

पहिला दिवस : रतनवाडी ते रतनगड

कसाऱ्याला पहाटेची लोकल, तिथून जीपने घोटी, घोटीहून शेंडी. शेंडी म्हणजेच भंडारदरा. १९२६ मध्ये पुरा झालेला विल्सन बंधारा, त्यामागचा प्रवरेचा जलाशय, आणि त्याला वळसा घालून जाणारा रतनवाडीचा रस्ता. या रस्त्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवला. गाडीतून दिसणारं पाणी सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

रतनवाडीत अमृतेश्वराच्या मंदिरापाशी आमचे वाटाडे मामा भेटले. मंदिर शिलाहारांच्या काळातलं आहे. छतावरचं आणि खांबांवरचं कोरीवकाम बघायला अर्धा दिवससुद्धा पुरणार नाही. त्याच्या ओट्यावर बसून मी पट्टा बांधायला घेतला. इथे एक गोष्ट लगेच लक्षात आली, ती सांगून ठेवते. पाठीवरच्या सॅकचा छातीवरून येणारा पट्टा आणि कॅमेऱ्याचा पट्टा एकाच जागेवर भांडतात. कॅमेऱ्याचा पट्टा आधी, अंगालगत बांधायचा, मग सॅक चढवायची आणि सॅकचा पट्टा कॅमेऱ्याच्या वर, गळ्याच्या जरा खाली ओढून घ्यायचा. असं केलं की दिवसभर काही काचत नाही.

मामा हे सगळं शांतपणे बघत होते. मग म्हणाले, “ह्ये आत्ता चालू हाय का?”

मी त्यांना पुढचा लाल दिवा दाखवला. लुकलुकला की चालू, विझला की बंद. “मग ठीक,” ते म्हणाले. “मी ‘बंद’ म्हनलं का बंद करायचा.” तसं ठरलं. त्यानंतर बोलायच्या आधी मामा एकदा माझ्या छातीकडच्या दिव्याकडे नजर टाकत आणि मगच बोलत. हातातला कॅमेरा समोरच्याला दिसतो, त्यामुळे माणूस सावध असतो. अंगावरचा कॅमेरा विसरायला होतो, त्याच्या समोरच्यालाही आणि आपल्यालाही. म्हणून हा करार सुरुवातीलाच व्हायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

गावाबाहेर पडून प्रवरेचं पात्र ओलांडलं की रान दाट होतं. सपाटीवर कॅमेरा सरळ समोर रोखलेला ठीक असतो. चढ लागला की माणूस पुढे झुकतो आणि कॅमेऱ्याला दिसतात फक्त बुटांची टोकं. त्यामुळे चढणीआधी तो बराच वर कलवून घ्यायचा, इतका की पुढे चालणाऱ्याची पाठ चौकटीच्या वरच्या कडेला यावी. डोक्याला बांधायचा पट्टाही मिळतो, पण डोकं सारखं इकडेतिकडे वळतं आणि बघणाऱ्याला गरगरतं. छाती बिचारी वाटेच्या दिशेलाच असते.

तासा-दीड तासाच्या चढाईनंतर वाट फुटते ती जागा येते. उजवीकडे रतनगडाच्या शिड्यांची वाट, आणि दुसरी रानातून कात्राबाईच्या खिंडीकडे. मी मामांना थांबवलं, आणि दोन्ही वाटांकडे तोंड करून सावकाश फिरले. झाडाचा बुंधा, त्याच्या मुळाशी रचलेले दगड, खिंडीच्या वाटेवर पडलेला उन्हाचा कवडसा, सगळं एकाच सलग चित्रणात. व्हिडिओतला माझा सगळ्यात आवडता भाग अजूनही हाच आहे, आणि त्यात बघण्यासारखं असं काहीच नाही.

मग शिड्या. लोखंडी, कातळाला ठोकून बसवलेल्या. वर चढताना मला दिसत होता तो मामांचा पाय आणि पुढची पायरी. कॅमेऱ्याला याहून जास्त दिसलं. रात्री गुहेत बसून फोनवर ते चित्रण हळू करून पाहिलं. हात लावल्यावर पायरीवरून सुटलेली गंजाची भुकटी, घासून गुळगुळीत आणि चकचकीत झालेला पायरीचा मधला भाग, शिडी आणि कातळ यांच्यामधली बोटभर फट, आणि एका पायरीवर मी हात ठेवून सोडून पुन्हा दुसरीकडे धरलेला. पायरी जरा हलत होती, हे माझ्या हाताला कळलं होतं, मला त्या वेळी आठवत नव्हतं.

पण त्याच चित्रणात एक खोटही होती. शिडी उभी वाटत नव्हती. चांगली खडी शिडी पडद्यावर आरामात चढून जावी अशी दिसत होती. याचं कारण भिंगात आहे. या कॅमेऱ्यांचं भिंग फार रुंद पाहतं, त्यामुळे जवळचं मोठं आणि दूरचं फार लांब जातं, चढाची धार बोथट होते. शिवाय हादरे काढून टाकले की चालण्यातली धडपडही नाहीशी होते. क्षितिज सरळ ठेवण्याची सोय चालू असेल तर कलंडलेलं अंगसुद्धा सरळ दिसतं. असा व्हिडिओ बघून कुणी आई-वडिलांना घेऊन निघालं, तर शिडीखाली येऊन काय करायचं?

इंजिनिअर मित्र म्हणाला, “ओळंबा धरू या.”

दुसरा दिवस : नेढं, खिंड आणि कुमशेत

पहाटे टॉर्चच्या उजेडात नेढ्याकडे निघालो. गणेश दरवाजा आणि रत्नादेवीची गुहा मागे टाकून गडाच्या माथ्यावरून चालत गेलं की कातळाला आरपार पडलेलं ते भोक येतं. सूर्य वर आला तेव्हा अलंग, मदन, कुळंग ओळीने उजळले आणि त्यांच्या पलीकडे कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. मी कॅमेरा चालू केला खरा, पण नेढ्यातून वारा असा घुसत होता की आवाजाच्या नावाने नुसता घोंगावा आला. माइकवर स्पंजाची टोपी चढवली तेव्हा कुठे माणसाचं बोलणं ऐकू येऊ लागलं. इथे बसून नुसतं बघितलं. बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, “चला, खिंड लांब हाय.”

उतरताना शिडीपाशी ओळंब्याचा प्रयोग झाला. मित्राने बुटाच्या जादा नाडीला एक गोटा बांधला आणि शिडीच्या कडेला, माझ्या कॅमेऱ्यासमोर लोंबता धरला. मी भिंगाची सेटिंग बदलून रेषा वाकवणारी रुंद चौकट बंद केली, सरळ रेषा सरळच राहतील अशी ठेवली. आता चौकटीत एक नाडी खाली सरळ लोंबतेय आणि तिच्याशेजारी शिडी. दोन्हींमधला कोन बघणाऱ्याला आपोआप दिसतो. गवंडी भिंत तपासतो तीच रीत. एवढ्याशा गोष्टीने शिडी पडद्यावर पुन्हा खडी झाली. पुढे जिथे जिथे उतार फसवा वाटला, तिथे आम्ही गोटा लोंबता धरला.

फाट्यावर परत आलो आणि खिंडीच्या वाटेला लागलो. कात्राबाईची वाट म्हणजे रान. वरून उन्हाचा तुकडा दिसला तर दिसला. दोन्ही बाजूंनी कारवी अंगावर येते, तिच्या वाळक्या काड्या भिंगावर खडखड वाजतात. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्या वर्षी हेच रान जांभळं होतं. एरवी तिच्या काटक्यांतून हाताने वाट काढत पुढे सरकायचं. छातीवरच्या कॅमेऱ्याला हे अगदी तसंच्या तसं दिसतं: हात पुढे, काड्या बाजूला, मामांची पाठ, पुन्हा काड्या. माझं धापा टाकणंही रेकॉर्ड झालं आणि ते मी व्हिडिओत तसंच ठेवलं. चढ किती दमवतो, हे श्वासाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

एके ठिकाणी मामा थांबले. डावीकडे रुंद मळलेली वाट, उजवीकडे जेमतेम पाऊल मावेल अशी. आम्ही सगळे आपसूक डावीकडे वळत होतो. मामांनी कारवीची एक लांब फांदी मोडली आणि डावीकडच्या वाटेवर आडवी टाकली. आधीच्या फांद्याही तिथे होत्या, काही कुजलेल्या, काही ताज्या. “ही गुरांची वाट. खाली पान्यावर जाती आन तिथंच सरती. मानूस हितंच चुकतो.” म्हणाले, “ह्ये घ्या तुमच्या त्यात.” कॅमेऱ्याला काय द्यायचं, हे त्यांनी सांगायची ही पहिलीच वेळ. मी ती आडवी फांदी जवळून टिपली.

खिंडीत कात्राबाईचं उघड्यावरचं ठाणं आहे. मामांनी ‘बंद’ म्हटलं. दिवा विझला.

खिंडीतून पुढे पाहिलं की एकीकडे आजोबाचा डोंगर, आणि दूरवर हरिश्चंद्रगडाची रांग. इथून कुमशेतपर्यंत उतार. मुरमाचा, घसरडा, आणि पुन्हा असंख्य पायवाटांनी फुटलेला. मुळेच्या खोऱ्यात उतरेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

कुमशेतला मामांच्या नात्यातल्या घरी मुक्काम होता. चुलीवर नागलीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. जेवण झाल्यावर वहिनींनी विचारलं, “दिसभर काय धरलं यात?” त्यांना फोनवर उतारावरचं चित्रण दाखवलं. आम्ही तिघं तिथून उतरलो होतो, तरी आम्हाला सगळ्या वाटा सारख्याच दिसत होत्या. वहिनींनी एका ठिकाणी पडद्यावर बोट ठेवलं. “हितून खाली नाही जायचं. फाट्याला जाताना आमी हितून वळतो, म्हंजे वढ्यावर पानी पन मिळतं.” आम्ही त्या वळणाच्या पुढून आलो होतो आणि पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून बसलो होतो. फाटा, म्हणजे सरपणाला. रोज त्या वाटेने जाणारीला चित्रणाच्या एका नजरेत जे कळलं, ते माझ्यासारखीला दहा फेऱ्यांनी कळलं नसतं. त्यांच्या परवानगीने त्यांचं बोलणं मी आवाजापुरतं रेकॉर्ड करून घेतलं. चेहरा नको म्हणाल्या, तो घेतला नाही.

त्या घरातला एलईडी दिवा त्या रात्री घेतलेल्या चित्रणात फडफडत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चौकटी घेत असला, तर अशा दिव्यांखाली चित्र फडफडतं. सेटिंगमध्ये ५० हर्ट्‌झ निवडलं, म्हणजे २५ किंवा ५० चौकटी, की ते थांबतं. उन्हात चालताना याने काही बिघडत नाही, तेव्हा भारतात राहणाऱ्यांनी पहिल्यापासूनच तसं ठेवलेलं बरं.

तिसरा दिवस : पाचनईमार्गे गडावर

कुमशेतहून पेठेच्या वाडीकडून पाचनई. बराच भाग रस्त्याचा, त्यामुळे कॅमेरा बंद. बॅटरी वाचवण्यासाठी तेही बरंच झालं. ४के दर्जाचं चित्रण करताना एक बॅटरी साधारण तासभर चालते, आणि थंडीत जरा आधीच मान टाकते. जादा बॅटऱ्या मी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवत होते. मेमरी कार्डाचं गणितही आधी मांडलेलं असावं: सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने एका तासाचे ४५ जीबी होतात. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड तीन तासही पुरणार नाही. त्यामुळे सरळ वाट साध्या १०८० दर्जात आणि अवघड जागाच ४के मध्ये, असं मी वाटून घेतलं होतं.

पाचनईची वाट गडावर जायला सगळ्यात सोपी मानतात. शनिवारची गर्दी होती, पोरांचे मोठमोठे ग्रुप. मोठ्या कातळाखालून आडवी जाणारी वाट, मग ओढा, मग माथा. संध्याकाळी हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचलो. पुष्करणीशी बसलो आणि त्या दिवशी आणखी काही टिपलं नाही. मंदिराजवळच्या झापात रात्र काढली.

चौथा दिवस : केदारेश्वर आणि कोकणकडा

केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर पाणी, मधोमध मोठं शिवलिंग, आणि भोवतीच्या चार खांबांपैकी उभा राहिलेला एकच. या गुहेत छातीवरच्या कॅमेऱ्याचा निभाव लागत नाही. अंधारात प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, आणि माणूस हलतो. हादरे जिरवणारं तंत्र चौकटी एकमेकींशी जुळवून देतं, पण चौकटीच्या आतलं धूसरपण त्याला काढता येत नाही. म्हणून पट्ट्यातून काढून कॅमेरा कातळावर ठेवला. थंडगार पाण्यात उतरलेल्या मित्राच्या अंगाभोवती उठलेले तरंग खांबापर्यंत जाऊन परत येताना दिसले.

मग कोकणकडा. अर्धगोल, आतल्या बाजूला खोल वळलेला, आणि खाली थेट कोकण. हा कडा पालथं पडूनच बघायचा, आणि पालथं पडायचं तर छातीवरचा कॅमेरा काढावाच लागतो. मला हे फार योग्य वाटलं. कॅमेरा सॅकमध्ये ठेवला आणि कडेपासून मागे, पोटावर पडून मी खाली पाहिलं. वारा खालून वर येत होता, इतका की डोळ्यांत पाणी आलं. पाकोळ्या आमच्या खालून उडत होत्या.

शेजारी काही मुलं काठीला लावलेला कॅमेरा कड्याबाहेर धरून, टोकाशी उभी राहून चित्रण करत होती. आमच्यातला एकजण जाऊन त्यांच्याशी नीट बोलला, ती मागे आली. रुंद भिंगात कड्याची कड असते त्याहून लांब दिसते. पडद्याकडे बघत मागेपुढे सरकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे कळत नाही. हे सगळ्यांना सांगायला हवं, प्रत्येक वेळी, कंटाळा न करता.

इंद्रवज्र दिसलं नाही, त्याचे दिवस पावसाळ्यातले. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी आणि धुकं समोरच्या दरीत असलं की धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं. प्रत्येकाला ते स्वतःच्या डोळ्यांच्या सावलीभोवती दिसतं. म्हणजे छातीवरचा कॅमेरा त्या सकाळी चालू असेल, तर त्याच्या चित्रणात ते सावलीच्या छातीभोवती येईल. हे मला एकदा बघायचंच आहे.

उतरलो तोलार खिंडीने खिरेश्वरला.

घरी

सगळ्या चित्रणातून व्हिडिओ झाला पाऊण तासाचा. लोक म्हणाले, एवढा कोण बघणार? जाणारे बघतील. संगीत लावलं नाही. पाऊल, श्वास, कारवी आणि मामांचं बोलणं एवढंच आहे. यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनात वेळा लिहिल्या की त्याचे भाग पडतात. पहिली वेळ ०:०० असावी लागते. मी भागांना नावं दिली ती अशी: ‘रतनगड आणि खिंड यांचा फाटा’, ‘शिडी, ओळंब्यासह’, ‘गुरांची वाट, इकडे वळू नका’, ‘वहिनींनी सांगितलेलं पाणी’. ज्याला फक्त फाटा बघायचाय त्याने तेवढाच बघावा, फोनवर उतरवून घ्यावा, कारण खिंडीत रेंज नसते. मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी फाट्याचा आणि आडव्या फांदीचा उभ्या चौकटीतला छोटा तुकडा वेगळा टाकला.

व्हिडिओत खिंडीतलं ठाणं नाही, वहिनींचं घर नाही. चढवण्याआधी अख्खा व्हिडिओ मामांना पाठवला. रतनवाडीत नेट सावकाश, त्यांनी तो दोन रात्रींत बघितला असावा. फोन आला. फांदीच्या जागी मी बोललेलं एक वाक्य त्यांना पटलं नव्हतं. मी ‘डावीकडची वाट चुकीची’ म्हटलं होतं.

“चुकीची नाही,” मामा म्हणाले. “गुरांची हाय. पावसात वरचा वढा भरला का आमीबी तिकडूनच जातो.”

ते वाक्य मी काढलं आणि त्या जागी मामांचंच बोलणं टाकलं. वर्णनाच्या पहिल्या ओळीत आता लिहिलंय: हे चित्रण नोव्हेंबरअखेरचं आहे, पावसाळ्यात ओढे भरलेले असतात आणि वाट बदलते, तेव्हा रतनवाडीतून वाटाड्या घेतल्याशिवाय खिंडीत जाऊ नये.